मांजराचे चित्र आणि मुलांचे रंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात कोणी आरोग्यावर बोलतात, कोणी बचतीवर, कोणी मुलींच्या शिक्षणावर. कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी ‘मांजराची रंगवायची चित्रे’ असे सांगितले. चिटणीसबाईंना वाटले, मला नीट ऐकू आले नाही. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग वहीत लिहिले. विषय लहान आहे हे मी कबूल करते. पण आपल्या मंडळाच्या शनिवारच्या बालवर्गात ह्या लहान विषयावरून काय घडले, माझ्या हातून कोणती चूक झाली आणि ती कशी निस्तरली, हे सांगण्यासारखे आहे. घरी नातवंडे आणि भाचरे असलेल्या प्रत्येकीच्या ते उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या वर्गात येणारी मुले तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची. दर शनिवारी तीस-पस्तीस तरी जमतात. गोष्ट सांगून होते, गाणी होतात, आणि मग शेवटचा अर्धा तास उरतो. त्या अर्ध्या तासात पस्तीस मुले एका खोलीत सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. अशा वेळी माझ्या सुनेने एक युक्ती सांगितली. आजकाल मोबाईलवर मुलांनी रंगवायची चित्रे शोधली की शेकड्यांनी मिळतात. हत्ती, मोर, मोटार, फुले, वाटेल ते. नुसत्या काळ्या रेषा असतात, आत कोरे. ती छापून घ्यायची, झेरॉक्स काढायच्या आणि मुलांपुढे ठेवायच्या. मी मुलांना विचारले, ‘कशाचे चित्र आणू?’ सगळ्यांचा एकच गलका, ‘मांजराचे!’ मांजर आपल्या प्रत्येक वाड्यात, प्रत्येक जिन्यात आहे. घरचे नसले तरी शेजारचे येऊन दूध पिऊन जातेच. तेव्हा मांजर ठरले.

पहिल्या शनिवारी चाळीस प्रती नेल्या. टोपलीत बसलेले, गळ्यात फीत बांधलेले, गोल डोळ्यांचे गुबगुबीत मांजर. काय सांगू, खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता! दारातून डोकावणाऱ्या भगिनींनी कौतुक केले. मलाही धन्य वाटले. पुढचे चार-सहा शनिवार हेच चालले.

आता माझी चूक सांगते. सहा वर्षांची एक मुलगी वर्गात येत असे. मोठी बोलकी. तिने एका शनिवारी आपले मांजर सबंध निळे रंगवले. कानापासून शेपटीपर्यंत निळे. मी फिरत फिरत तिच्यापाशी आले आणि सहज म्हणून बोलून गेले, ‘अगं, निळं मांजर कुठे पाहिलंस? मांजर पांढरं असतं, काळं असतं, तांबूस असतं.’ आजूबाजूची मुले हसली. ती काही बोलली नाही. तिने निळ्यावर काळा खडू फिरवला, कागद मळला, आणि शेवटी तो दुमडून फ्रॉकच्या खिशात घातला. मला त्यात काही वावगे वाटले नाही. मुलांना खरे ते सांगायला नको का?

पुढच्या शनिवारी ती आली, बसली, आणि खडू उचलायच्या आधी तिने मला विचारले, ‘आजी, कानाला कोणता रंग देऊ?’ मी सांगितला. मग, ‘पोटाला कोणता देऊ?’ मग, ‘टोपलीला?’ प्रत्येक भागाला विचारून विचारून तिने चित्र पुरे केले. कुठेही रेषेबाहेर खडू गेला नव्हता. सगळ्यांत नीटस चित्र तिचेच झाले होते. आणि मैत्रिणींनो, ते बघून माझ्या पोटात कसेसेच झाले. जी मुलगी वर्गभर बडबड करी, तिला आता साधा खडू उचलायला परवानगी लागत होती.

संध्याकाळी भाजी आणायला जाताना मी तिच्या घरावरून गेले. तिची आई दारात होती. मी घडलेले सांगितले. आईने काही न बोलता आत बोट दाखवले. खिडकीत एक मांजर बसले होते. राखी रंगाचे. उन्हात त्याच्या अंगावर निळसर झाक दिसत होती. आई म्हणाली, ‘हिच्या डबीत बाराच खडू आहेत. राखी त्यात नाही. मग तिला त्यातल्या त्यात निळा जवळचा वाटला.’ म्हणजे मुलगी आपल्या घरचे मांजर काढत होती! हाताशी असलेल्या बारा रंगांतून तिने विचार करून निवड केली होती. मी मात्र पाहिलेच काय तर टोपलीतले छापील मांजर.

पुढे मला आणखी एक गोष्ट कळली आणि मी अधिकच वरमले. जातिवंत मांजरे पाळणारे लोक राखी रंगाच्या मांजराला ‘निळे’च म्हणतात. ‘रशियन ब्ल्यू’ नावाची मांजराची एक प्रसिद्ध जात आहे, ती राखीच असते. जगभरच्या जाणकारांनी जे नाव दिले, तेच त्या पोरीने आपल्या डोळ्यांनी शोधून काढले होते, आणि मी तिला चूक ठरवले होते.

ह्यानंतर मी थोडे वाचले, थोडे विचारले. त्यातले उपयोगाचे तेवढे सांगते.

रंगवायच्या चित्रांची ही पद्धत काही मोबाईलबरोबर आलेली नाही. 1880च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्स ह्या प्रकाशकांनी ‘लिट्ल फोक्स पेंटिंग बुक’ नावाचे पुस्तक काढले. केट ग्रीनवे ह्या इंग्रज चित्रकर्तीची चित्रे त्यात होती, आणि मुलांनी रंगवायच्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्या वेळी रंगवायचे म्हणजे पाण्याचे रंग आणि कुंचला. मेणाचे खडू स्वस्त झाले ते पुढे. 1903 साली अमेरिकेत क्रेयोला नावाच्या खडूंची पहिली पेटी निघाली, आठ खडू आणि किंमत पाच सेंट. मग ही पुस्तके घरोघर गेली.

आणि आपल्या विषयाचे म्हणाल तर मांजराचेही रंगवायचे पुस्तक शंभर वर्षांहून जुने आहे. बिआट्रिक्स पॉटर ही इंग्रज लेखिका. सशाच्या आणि मांजराच्या गोष्टी लिहून चित्रेही तीच काढी. तिची टॉम किटन ह्या खोडकर मांजराच्या पिल्लाची गोष्ट 1907 साली प्रसिद्ध झाली. आई पाहुण्यांसाठी पिल्लांना नटवते आणि पिल्ले ते कपडे घालवून बसतात, अशी ती गोष्ट. ती कोणत्याही देशातल्या आईला पटेल. त्या टॉमचे रंगवायचे पुस्तक 1917 साली निघाले. तेव्हा आपण करतो आहोत ते नवे नाही.

पण त्यावर आक्षेपही जुनेच आहेत. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढे अमेरिकेत कलाशिक्षणाचे प्राध्यापक झाले. त्यांनी 1947 साली मुलांच्या चित्रकलेवर एक मोठे पुस्तक लिहिले. ते आजही शिक्षकांना वाचायला सांगतात. रंगवायच्या पुस्तकांना त्यांचा विरोध होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मोठ्या माणसाने काढलेली सफाईदार रेषा मुलापुढे वारंवार ठेवली, की मुलाचा स्वतःच्या वाकड्यातिकड्या रेषेवरचा विश्वास जातो, आणि ‘मला काढता येत नाही’ असे ते म्हणू लागते. मी हे आमच्या वर्गात ताडून पाहिले. मुलांना कोरे कागद दिले आणि ‘मांजर काढा’ म्हटले. निम्म्या मुलांनी टोपलीतले, फीत बांधलेले मांजर काढले. आपल्या गल्लीत फीत बांधलेले मांजर एक तरी कोणी पाहिले आहे का? आणि पाच-सहा मुलांनी सांगितले, ‘आम्हांला येत नाही, तुम्ही छापून आणा.’

मग मी मंडळाच्या बैठकीत विषय काढला की ही छापील चित्रे बंद करावीत. त्यावर दोन तट पडले, हे आपल्यापैकी बहुतेकींना आठवत असेल. काही भगिनी म्हणाल्या, मुले शांत बसतात, खर्च थोडा, मोबाईल हातात घेऊन बसण्यापेक्षा खडू घेऊन बसलेली काय वाईट? दुसऱ्या म्हणाल्या, मुलांना कोरा कागदच द्यावा. एका भगिनीने मात्र असा दाखला दिला की मला विचार करावा लागला. त्या म्हणाल्या, ‘रांगोळीचे काय करता? ठिपके आपणच देतो. रेषाही आपणच ओढतो, आणि मुलीला म्हणतो, तू रंग भर. मग आपल्या मुली रांगोळी काढायला शिकल्या नाहीत का?’

म्हणणे खरे होते. आणि त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलाने ते मला पटवून दिले. हा मुलगा आठ वर्षांचा, पण त्याच्या हातात जोर कमी. पेन्सिल धरली की बोटे थरथरतात. कोरा कागद दिला की तो पालथा घालून बसे. जाड रेषेचे मोठे मांजर दिले की मात्र अर्धा तास मान वर करीत नसे. ती जाड रेष म्हणजे त्याला जिन्याचा कठडा होती. कठडा धरून चढणाऱ्याला ‘कठडा सोड’ म्हणणे हे काही शिक्षण नव्हे.

माँटेसोरीबाईंनीही हे ओळखले होते. त्यांनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह काढले. त्यांच्या साधनांत धातूच्या चौकटी असतात. मूल त्या चौकटीतून आकृती गिरवते आणि मग पेन्सिलीच्या रेघांनी ती भरते. हेतू हा की हात स्थिर व्हावा, पुढे अक्षर काढायला तयार व्हावा. पण तिथे आकृती मूल स्वतः गिरवते, आपल्या मनाने दोन आकृत्या एकमेकींवर ठेवून नवी नक्षी करते. आणि आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी तर ह्याहून मोठा धडा घालून दिला. 1945 साली बोर्डीला त्यांचे काम सुरू झाले आणि पुढे ते कोसबाडला गेले. महागडी साधने खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलांना कुठून मिळणार? म्हणून त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे ह्यांतूनच साधने उभी केली. मुलाच्या अंगणात जे आहे त्यावरून शिकवायचे. हे मी किती वेळा ऐकले होते, आणि तरीही मांजर शिकवायला मला परदेशी टोपलीतले मांजर छापून आणावेसे वाटले!

तेव्हा बैठकीत असे ठरले की चित्रे बंद करायची नाहीत, पण आधी मांजर पाहायचे आणि मग चित्र.

त्याप्रमाणे आम्ही एका शनिवारी वर्गात खरे मांजर आणले. म्हणजे आणले असे म्हणायचे. ते आपल्या मर्जीने आले आणि आपल्या मर्जीने गेले. मुलांना सांगितले, ‘हात लावायचा नाही, नुसते बघा आणि मोजा.’ मुलांनी काय काय शोधले! पुढच्या पंजाला पाच बोटे, मागच्याला चार, मिळून अठरा. छापील चित्रांत सगळीकडे तीनच असतात. मिशा एका बाजूला साधारण बारा, आणि त्या ओळीने असतात. उन्हात डोळ्याची बाहुली उभ्या चिरेसारखी आणि अंधाऱ्या कोपऱ्यात गेले की वाटोळी. पट्ट्यांच्या मांजराच्या कपाळावर इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी खूण. एका मुलाने विचारले, ‘आजी, पिल्लाचे डोळे निळे का?’ मला ठाऊक नव्हते, मी घरी जाऊन पाहिले. मांजराच्या सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळसर असतात, काही आठवड्यांनी खरा रंग उतरतो. पाहा, निळा रंग पुन्हा आलाच!

रंगांचे तर विचारूच नका. आपल्याकडे पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग अंगावर असलेली मांजर पुष्कळ दिसते. ती बहुतेक नेहमी मादीच असते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. कारण मात्र आपल्या काळात कळले. तांबूस रंगाचा गुण ‘एक्स’ ह्या गुणसूत्रावर असतो. मादीला अशी दोन गुणसूत्रे असतात, नराला एक. मादीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक झोपी जाते आणि एक जागे राहते. कुठे हे, कुठे ते. म्हणून अंगावर कुठे तांबूस ठिगळ, कुठे काळे. हा झोपी जाण्याचा विचार मेरी लायन ह्या इंग्रज विदुषीने 1961 साली मांडला. आणि तांबूस रंगाचा नेमका गुण कोणता, हे जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2025 साली प्रसिद्ध केले. इतकी वर्षे लागली मांजराच्या एका रंगाचा पत्ता लागायला!

ह्यातलीच एक गंमत मी मुलांना सांगितली. 2001 सालच्या डिसेंबरात अमेरिकेत टेक्सासच्या एका विद्यापीठात एका तीनरंगी मांजरीपासून तिची हुबेहूब नक्कल जन्माला घातली गेली. नक्कल केलेले ते जगातले पहिले मांजर. सगळ्यांना वाटले, जशीच्या तशी होईल. पण पिल्लू जन्मले ते निराळ्याच रंगाचे, त्याच्या अंगावर तांबूस ठिपकासुद्धा नव्हता. एकच साचा, पण रंग वेगळा. मी मुलांना म्हटले, ‘बघा, आपल्या झेरॉक्सचेही असेच असू दे. कागद चाळीस, पण मांजरे चाळीस तऱ्हेची.’

आता घरी हे करू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मी चुकत चुकत शिकले आहे, तुम्ही तयार घ्या.

चित्र निवडताना मुलाचे वय पाहावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला एकच मोठे मांजर, जाड रेष आणि मोकळी जागा. पाच ते सात वर्षांच्याला मांजर आणि सोबत एखादी वस्तू, दुधाची वाटी किंवा खिडकी. त्यापुढच्याला कौलांवरचे मांजर, पट्टे, पाने असे बारीक काम चालते. लहानग्याला बारीक नक्षीचे चित्र दिले तर ते कंटाळते, आणि दोष आपण त्याला देतो.

आजकाल पुष्कळ चित्रे यंत्राने आपोआप बनवलेली असतात. ती दिसायला सुरेख, पण नीट पाहिली तर कधी पाय पाच निघतात, कधी शेपटी दोन. छापण्याआधी पाय मोजावेत. आमच्या वर्गात एक पाच पायांचे मांजर येऊन गेले, आणि ते माझ्याआधी मुलांनी पकडले. मात्र ती चूक शोधायचा खेळ मुलांना इतका आवडला की तो कागद मी जपून ठेवला आहे.

छापताना बोटाएवढे चित्र ताणून मोठे केले की रेषा फुटतात. मोठ्या मापाचे चित्रच उतरवून घ्यावे. यंत्राला ‘कागदाच्या मापात बसव’ ही सूचना द्यावी, नाहीतर शेपटी कागदाबाहेर राहते. शाई फक्त काळी निवडावी. एकच प्रत छापून बाकीच्या झेरॉक्स काढल्या तर स्वस्त पडते, आणि झेरॉक्सची काळी रेष पाण्याने पसरत नाही. घरच्या शाईच्या छपाईयंत्रावरची रेष मात्र ओल्या रंगाने बहुधा फुटते. नेहमीचा झेरॉक्सचा कागद मेणखडूंना पुरतो. पाण्याच्या रंगाने तो चुरगळतो, त्यासाठी जाड ड्रॉइंगचा कागद हवा. स्केचपेन दिले तर खाली जुने वर्तमानपत्र घालावे, नाहीतर पाठीमागे रंग उमटतो आणि मागची बाजू वाया जाते. मागची बाजू का वाचवायची ते पुढे सांगते.

आणखी एक. मोबाईलवर दिसले म्हणजे ते फुकटचे, असा आपला समज असतो. त्या चित्रामागे कोणीतरी चित्रकार असतो आणि त्याचा हक्क असतो. कित्येक ठिकाणी ‘घरगुती वापरापुरते’ असे लिहिलेले असते. घरी एका नातवाला देणे निराळे आणि मंडळातर्फे चाळीस प्रती वाटणे निराळे. म्हणून खाली काय लिहिले आहे ते वाचावे आणि शंका असेल तर विचारावे. आपल्या देशाच्या 1957च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क चालतो. बिआट्रिक्स पॉटर 1943 साली वारली, तेव्हा तिच्या हयातीत प्रसिद्ध झालेली चित्रे आपल्याकडे 2004 पासून मोकळी झाली. मुलींना हॅलो किटी फार आवडते. ती 1974 साली जपानात निघाली, तिचा हक्क चालू आहे. आणि गंमत अशी की तिच्या मालकांनीच 2014 साली सांगून टाकले, ती मांजर नव्हेच, ती एक लहान मुलगी आहे! हे मी वर्गात सांगितले तेव्हा दोन मुली रडकुंडीला आल्या, म्हणून आता सांगत नाही.

ह्या सगळ्या शोधाशोधीपेक्षा सोपा मार्ग आम्हांला शेवटी घरातच सापडला. आपल्या मंडळातल्या ज्या भगिनी रांगोळीत तरबेज आहेत, त्यांनाच मांजर काढायला बसवले. कोणी माठावर बसलेले काढले, कोणी जात्याजवळ झोपलेले, कोणी रिक्षाच्या टपावरचे. ते जसेच्या तसे झेरॉक्स केले. रेषा थोड्या थरथरत्या आहेत, पण मांजर आपल्या गल्लीतले आहे. आणि मुलांना कळले की चित्र यंत्रातून येत नाही, समोरच्या काकूंच्या हातून येते. त्यानंतर ‘आम्हांला येत नाही’ म्हणणारी मुले हळूहळू काकूंच्या शेजारी जाऊन बसू लागली.

आता आमचा कागद असा असतो. कधी मांजराचा अर्धाच चेहरा छापतो, अर्धा मुलाने पुरा करायचा. कधी मिशा आणि शेपटी गाळतो. कधी मांजर अगदी लहान, कागदाच्या एका कोपऱ्यात. बाकी कागद कोरा. मुलाला विचारायचे, ‘हे कुठे बसलंय? कोणाच्या घरी?’ मग त्या कोऱ्या जागेत जिना येतो, मासळीवाली येते, आजी येते, एकदा तर सबंध आगगाडी आली. ज्या मुलाच्या हाताला आधार हवा त्याला जाड रेषेचे पुरे मांजर देतो, आणि त्यात कमीपणा आहे असे कोणाला वाटू देत नाही. आणि पाठीमागची बाजू प्रत्येकाची स्वतःची. तिथे काय काढायचे ते आम्ही सांगत नाही आणि न विचारता पाहतही नाही.

एक नियम मात्र आम्हां मोठ्यांसाठी केला आहे. रंगाविषयी मुलाला विधान करायचे नाही, प्रश्न विचारायचा. ‘मांजर हिरवं नसतं’ असे म्हणायचे नाही. ‘हे हिरवं कसं झालं, मला सांगशील?’ असे विचारायचे. उत्तर बहुतेक वेळा तयार असते. एका मुलाने सांगितले, ‘ते गवतात लपलंय.’ एकाने काळे मांजर काढले, तेव्हा शेजारचा म्हणाला, ‘काळं नको, आडवं जाईल.’ त्यावर रंगवणारा म्हणाला, ‘ते आडवं जात नाही, ते आपल्या घरी जातंय.’ मोठ्या माणसांना हे उत्तर सुचले असते तर कित्येक शुभकार्ये वेळेवर झाली असती!

राहता राहिली ती राखी मांजराची मुलगी. तिची भरपाई कशी करावी हे मला समजेना. ‘माझं चुकलं’ असे लहान मुलाला सांगायची आपल्याला सवय नसते. शेवटी एका शनिवारी मी चित्राचा एक कागद घेऊन तिच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि म्हटले, ‘मी तुझ्या घरचं मांजर पाहिलं. मला ते रंगवायचंय. माझ्याजवळ राखी खडू नाही. कोणता घेऊ?’ तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग डबीतून निळा काढला, तो हलक्या हाताने फिरवून दाखवला, आणि त्यावरून काळा अगदी पुसट फिरवला. म्हणाली, ‘असं दोनदा करायचं. पण जोर नाही द्यायचा.’ आणि खरोखर मांजर राखी झाले. मी म्हटले, ‘त्या दिवशी मी तुला चुकीचं बोलले.’ ती म्हणाली, ‘हो.’ आणि पुन्हा रंगवू लागली.

त्या दिवसापासून ती मला रंग विचारत नाही. बाकीची मुले मला विचारू लागली, तर मी त्यांना तिच्याकडे पाठवते.

भगिनींनो, माझे बोलणे लांबले. आपल्या मंडळाने पुष्कळ मोठी कामे केली आहेत. त्यांपुढे शनिवारचा अर्धा तास आणि मांजराचा एक कागद ही किरकोळ बाब आहे. पण आपण घरी दिवसातून किती वेळा मुलांना ‘असं नसतं’ म्हणतो, ते एक दिवस मोजून पाहावे, एवढेच माझे मागणे. मी मोजले होते. आकडा इथे सांगत नाही.

दोन विनंत्या करते आणि थांबते. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मुलांना महिन्यातून एकदा मांजर पाहायला न्यायचे आहे. आणि स्मरणिकेच्या संपादक भगिनींना मी विनवले होते, ते त्यांनी मान्य केले आहे. ह्या अंकाच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आपल्याच एका भगिनीने काढलेले लहानसे मांजर छापले आहे, आणि बाकीचे पान कोरे सोडले आहे. त्या जागी जाहिरात आली असती, ती आपण घेतली नाही. ते पान फाडून घरातल्या मुलाला द्यावे. काय काढ ते सांगू नये. काढून झाले आणि त्याने आपणहून दाखवले, तर जरूर पाहावे.